ताप नाही, कणकण आहे

"ताप आहे का घरात कुणाला?" असं मी दारात उभी राहून विचारते, आणि पुण्यातली माणसं उत्तर देतात, "आत्ता आलाय की दारात." हा विनोद इतक्या वेळा ऐकलाय, की आता हसण्याचं नाटकही जमत नाही. महापालिकेच्या दवाखान्यातली मी आरोग्य सेविका. पावसाळ्यात डेंग्यू वाढला की आम्हाला घरोघर ताप शोधत फिरवतात. बिबवेवाडीतल्या बिनलिफ्टच्या इमारती नेमक्या माझ्या वाट्याला. गुडघे कुरकुरतात, मीही कुरकुरते, आणि चढते. करते काय?

काहीजण आजार मुद्दाम लपवतात, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून. पण बहुतेकांना खरंच वाटतं की घरात ताप नाही. कारण आपल्याकडे ताप वेगळा आणि कणकण वेगळी. ताप म्हणजे माणूस आडवा झाला, घरात मऊ भात शिजला, कुणीतरी सुट्टी काढली. कणकण म्हणजे जी अंगात घेऊन पोळ्या लाटता येतात ती. बायकांना तर ताप येतच नाही मेला, कणकणच येते. त्यामुळे मी दोन्ही विचारते. वरचे साहेब म्हणतात, बाई, तुम्हाला एका घराला फार वेळ लागतो. लागतो बाबा, काय करणार!

त्या दिवशी शेवटचा मजला होता. दार त्या घरातल्या सासूबाईंनी उघडलं. माझ्याच वयाच्या, हाताला बेसन लागलेलं. घरात लाडू वळायचं काम चाललं होतं.

"ताप नाही हो कुणाला," त्या म्हणाल्या. "आणि पाणीही साठत नाही आमच्याकडे. आम्ही पाणी शिळं ठेवत नाही."

"आणि कणकण?"

"कणकण होय? ती होती सुनेला तीन-चार दिवस. पण ती आज उतरली. सातवा महिना आहे तिला. माहेर लांब, अमरावतीकडचं, आठवण येते म्हणून पडून असते जरा. रविवारी डोहाळजेवण आहे, माहेरची माणसं आली की बसेल उठून."

मी न विचारता चपला काढल्या आणि आत गेले. गॅलरीत निळा ड्रम होता. गुरुवारी पाणी बंद असतं म्हणून भरून ठेवलेला. झाकण उचललं तर डासांच्या अळ्या वळवळत होत्या. "अहो, ते वापरायचं पाणी आहे," सासूबाई म्हणाल्या, "ते कुठं शिळं होतंय?" पिण्याचा हंडा त्या रोज घासून भरत होत्या, चकचकीत होता. कपाळाला हात लावावा की त्यांचा हात धरावा, कळेना.

सून आतल्या खोलीत कुशीवर पडली होती. तिचा हात हातात घेतला तर थंडगार, घामाने ओला.

"कसं वाटतंय गं?"

"सकाळपासून पोट दुखून राहिलं, ताई," ती हळूच म्हणाली. "दोनदा उलटी झाली."

"सातव्यात दुखतंच थोडं," सासूबाई दारातून म्हणाल्या.

डेंग्यूत ताप उतरला की लोक सुटलो म्हणतात, आणि धोका नेमका तिथून सुरू होतो. ताप गेला, पोट दुखतंय, हातपाय गार पडलेत, म्हणजे आता घरात एक तासही ठेवायचं नाही. हे मी त्यांना सांगितलं. आधी नीट सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुलगा कामावरून आला की बघू. रविवारचं सगळं ठरलंय हो, पाहुणे उद्या गाडीत बसणार." मग मात्र माझा तोल गेला. "अहो, कुणाचं डोहाळजेवण करणार आहात? पोर हातची जाईल तुमची!" मी ओरडलेच. असं बोलू नये, आम्हाला शिकवलेलं असतं. सासूबाई एकदम खाली बसल्या. मग त्याच उठल्या, बेसनाच्या हातांनीच मुलाला फोन लावला आणि सुनेच्या पायात चपला सरकवल्या.

रिक्षात त्या सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सारखं एकच म्हणत होत्या, "बोलायचं नाही का गं? मला सांगायचं नाही का?" सुनेने सांगितलंच असेल. अंग दुखून राहिलं, असं रोज सांगितलं असेल, आणि ते माहेरच्या आठवणीच्या खात्यात गेलं असेल. सासूबाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं, रागावून मोकळी झाले असते.

सरकारी रुग्णालयात तिला लगेच दाखल करून घेतलं. डेंग्यूच होता. डॉक्टरांनी रात्रीचा दिवस केला, खोटं कशाला बोलू. ती वाचली. बाळाचे ठोके मात्र शनिवारी लागेनासे झाले. माहेरची माणसं गाडीतून उतरली ती थेट रुग्णालयातच आली, ओटीच्या सामानाची पिशवी तशीच हातात. तिच्या आईने ती पिशवी बाकाखाली सरकवली आणि पदराने झाकली. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि जिन्यात जाऊन रडले. रडूनही थकवा गेला नाही. या कामाचा थकवा झोपेनेही जात नाही.

मधल्या दिवसांत त्या इमारतीत फवारणी झाली, सगळ्यांचे ड्रम उपडे केले. साहेब म्हणाले, "वेळेवर सापडली केस, छान." मी बरं म्हटलं.

घरी सोडायच्या दिवशी मी वॉर्डात गेले. रुग्णाचं पुढे काय झालं, हे आम्हाला वर कळवावं लागतं. ती खाटेवर बसली होती, आई तिची वेणी घालत होती. वर कळवायचं असतं म्हणून आलेय, असं सांगितलं, इकडचं तिकडचं विचारलं, पाणी भरपूर पी म्हटलं. जायला वळले तर तिने हाक मारली.

"ताई, तुम्ही माझं काय कळवणार?"

"बरी झाली म्हणून कळवणार. डेंग्यूचा रुग्ण, बरा झाला."

"आणि बाळ? डेंग्यूनंच गेलं ना ते? त्यात धरतात का त्याला?"

खोटं बोलले असते तर चाललं असतं. पण तेवढंही त्राण नव्हतं माझ्यात. "नाही गं," मी म्हणाले. "रुग्ण तू होतीस. डेंग्यूचे मृत्यू वेगळे मोजतात, त्यात ते येत नाही."

आईचा हात वेणीत थांबला. पोरीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, अगदी साधं, रस्ता विचारावा तसं.

"मग मला तरी बरी कशाला म्हणता, ताई?"