बोटीवर बायकोपासून दहा पावलं

फिरून आलं की फोटो जमतात, फ्रिजवरचे मॅग्नेट जमतात आणि किस्सेही जमतात. फोटो लोक एकदाच बघतात, किस्सा मात्र दहाव्यांदाही मागतात! मागच्या जूनमध्ये लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मी आणि वैजू कोपनहेगनहून नॉर्वेच्या क्रूझला गेलो. तेव्हापासून अबुधाबीत, मोहम्मद बिन झायद सिटीत आमची मंडळी जमली, की शेजारचा दिघे सुरू होतो, "सांग ना रे, वहिनींचा उदबत्तीचा किस्सा!"

मग मी सांगतो. वैजू समोरच बसलेली असते आणि सगळ्यांबरोबर हसते.

यातले दोन किस्से मी आजवर कोणाला सांगितले नाहीत. आता सगळंच सांगून टाकतो.

*

तर उदबत्ती. संध्याकाळी देवापुढे उदबत्ती लावल्याशिवाय वैजू जेवत नाही. आणि जूनमध्ये नॉर्वेला संध्याकाळच होईना! दहा वाजले तरी लख्ख ऊन. पहिल्या दिवशी ती बिचारी ताटकळली. दुसऱ्या दिवशी तिने तोडगा काढला.

"अहो, अबुधाबीत आत्ता सव्वासात झाले ना? मग झाली संध्याकाळ!"

बोटीवर तेव्हा सव्वापाच वाजले होते. केबिनमध्ये उदबत्ती लागली आणि दोन मिनिटांत अलार्म! दारात तीन ऑफिसर. त्यातल्या एकाने विचारलं, हे कोणी पेटवलं? मी ताबडतोब वैजूकडे बोट केलं. "शी डिड! आय टोल्ड हर नॉट टू!"

इथे मंडळी पोट धरून हसतात. लायटर कोणाचा होता, ते मी गाळतो. सिगारेट सोडली असं तिला सांगून मी तो मोज्यात लपवून आणला होता. तिला तो सापडला, तरी तिने मला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

*

मग फॉर्मल नाइट. मी दुबई मरीनातून खास घेतलेला सूट घातला होता. टेबलावर समोर एक इंग्लिश म्हातारा-म्हातारी, अगदी अदबशीर. सूप झालं, बटाटा आला, आणि वैजूने पर्समधून लसणाच्या चटणीची बाटली काढली! झाकण उघडताच पलीकडच्या टेबलाने वळून पाहिलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "एक्सक्यूज मी" म्हणून मी उठलो आणि वीस मिनिटं वॉशरूममध्ये हात धूत राहिलो.

परत आलो तर म्हातारा लालबुंद, डोळ्यांतून पाणी, आणि चमचा पुन्हा बाटलीत! बाटलीच्या तळाशी थोडीशी उरली होती.

"अहो, तुमच्यापुरती ठेवलीय," वैजू म्हणाली.

*

आता न सांगितलेला पहिला. बर्गनला धो धो पाऊस. बावीस वर्षं गल्फमध्ये काढलेल्या माणसांच्या घरात छत्री कुठून असणार! आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांकडे रंगीत रेनकोट. वैजूने केबिनमधली लाँड्रीची प्लास्टिकची पिशवी आणली होती. ती डोक्यावर घालून हनुवटीखाली गाठ मारली आणि निघाली! पिशवीवर ठळक अक्षरात केबिन नंबर लिहायची चौकटसुद्धा होती.

मी दहा पावलं पुढे चालायला लागलो. ती भरभर आली की मी अजून भरभर. आमची गाइड माणसं मोजत होती. तिने मला विचारलं, त्या बाई तुमच्याबरोबर आहेत का?

"आय थिंक शी इज फ्रॉम अवर शिप," मी म्हणालो.

वैजू तोवर मागे येऊन पोचली होती. तिने ऐकलं की नाही, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही. विचारायची छातीच होत नाही. त्यानंतरच्या पोर्टवरही मी पुढेच चालत राहिलो, आणि आता ते आठवलं की माझी मलाच शरम वाटते.

*

दुसरा स्टाव्हँगरचा. धक्क्यावर नारिंगी चकाकतं जॅकेट घातलेला एक माणूस उभा होता. आपल्याकडे गल्फमध्ये असं जॅकेट दिसलं, की हातातलं सामान त्याच्याकडे द्यायचं, ही इतक्या वर्षांची सवय. मी बॅग त्याच्या हातात कोंबली आणि म्हणालो, "यल्ला हबीबी, चल दोस्ता, बस नंबर फोर!"

तो आमच्या बोटीचा चीफ इंजिनिअर होता!

सगळा ग्रुप माझ्याकडे बघत राहिला. वैजू पुढे आली, त्याच्या हातातून बॅग घेतली, "सॉरी सर, माय हजबंड इज टायर्ड," म्हणाली, आणि बसपर्यंत माझ्या शेजारून चालली. अगदी खांद्याला खांदा लावून.

*

गेल्या शनिवारी मंडळी आमच्याकडे होती. कांदाभजी झाली, उदबत्ती झाली, चटणी झाली. दिघेची मुलगी म्हणाली, "अंकल, यू टेल इट सो फनी!" मी खुशीत होतो.

"आज एक मी सांगते," वैजू म्हणाली.

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. ती कधीच काही सांगत नाही. हा किस्सा मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

"बोटीचा फोटोग्राफर प्रत्येक पोर्टवर उतरताना आपले फोटो काढतो. शेवटच्या दिवशी काउंटरवर ते बघायला मिळतात. मी गेले तर तिथल्या मुलीने माझे सगळे फोटो ओळीने मांडले. बर्गन, गैरांगर, स्टाव्हँगर. छान आले होते हो! पावसासाठी डोक्यावर बांधलेल्या लाँड्रीच्या पिशवीसकट!"

सगळे हसले. दिघे सगळ्यात मोठ्याने.

"ती मुलगी एकदा फोटोंकडे बघते, एकदा माझ्याकडे बघते. मग म्हणते कशी, 'मॅम, यू आर सो ब्रेव्ह! ट्रॅव्हलिंग ऑल अलोन!'"

मंडळी पुन्हा हसली. मीही हसायला तोंड उघडलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?" दिघेच्या बायकोने विचारलं.

"थँक यू म्हटलं," वैजू म्हणाली, आणि भज्यांची प्लेट माझ्यापुढे केली.