बसायला न गेलेले घर

आयुष्याची बहुतेक वर्षे मी इतरांचे लेखन तपासण्यात घालवली. स्वतः लिहावे असे आपल्याजवळ काही आहे, असे कधी वाटले नाही. आजही ते ठामपणे वाटते असे नाही. विज्ञान शिकवणाऱ्या बाईने अठ्ठावन्नाव्या वर्षी आठवणी लिहायला घेणे हा आगाऊपणा आहे, हे मला कळते. वाचकांनी सांभाळून घ्यावे. एक गोष्ट बरीच वर्षे मनात अडकून आहे आणि ती सांगावी असे कोणी जवळ नाही, एवढेच या धाडसाचे कारण.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही मस्कतला गेलो. पती तिथे विजेच्या कामावर देखरेख करीत. मी भारतीय मुलांच्या शाळेत शिकवू लागले. थोरली तेव्हा चार वर्षांची होती, धाकटी तिथेच जन्मली. सात वर्षांनी आम्ही ठरवले, की मुलींनी आपल्या माणसांत वाढावे. पतींची नोकरी इतक्यात सुटण्यासारखी नव्हती, म्हणून दोघींना घेऊन मी एकटीच हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकड्याजवळच्या आमच्या गावी आले. सासू-सासरे हयात नव्हते. पतींची एक अट होती. थोरलीचे मन मार्चपर्यंत रमले नाही, तर एप्रिलमध्ये तिकडची शाळा सुरू होताना तिने त्यांच्याकडे परत यावे. निर्णय तिचा. मी हो म्हटले. दहा महिने पुष्कळ झाले, असे मला वाटले होते.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी खजुराची पाकिटे केली आणि थोरलीच्या हाती आमच्या वस्तीतल्या घरोघरी पाठवली. तिने प्रत्येक दारात न चुकता जयभीम केला आणि रिकामी पिशवी घेऊन परत आली. मला तिचे कौतुक वाटले.

त्यानंतर आमच्याकडे कोणी आले नाही. भांडण नव्हते, कोणी वाईटही बोलले नाही. विहारात रविवारी वंदनेला गेले, की बाया सरकून जागा देत आणि पुन्हा आपसांत बोलू लागत. धाकटी महिन्याभरात इथली झाली, शिव्यासुद्धा शिकली. थोरली मात्र शाळेतून आली, की मागच्या खोलीत जुनी पुस्तके पुन्हा पुन्हा वाचत बसे. दर शुक्रवारी तिच्या वडिलांचा फोन येई. त्या दिवशी ती दुपारपासून फोनजवळच घुटमळत असे. मी स्वयंपाकघरात उभी राहून तिचे हसणे ऐकत असे. दुसऱ्या कुठल्या दिवशी ते ऐकू येत नसे.

हिवाळा सरता सरता शेवटी माझ्या चुलत सासूबाईंनी यामागचे कारण बोलून दाखवले. त्या आमच्या ओसरीवर सुपारी कातरत बसल्या होत्या.

"बाया म्हनून राहिल्या, दुबईवालीला खाली बसाया जमत न्हाई, म्हनून येत नसंल."

गावाच्या लेखी आखातातला प्रत्येक देश दुबईच होता.

"कुठे येत नाही, मामी?"

"आपल्यापासून तिसऱ्या घरी. तिथल्या बाईचा मालक गेला, अन् तू तिथं गोड धाडलंस. आधी जाऊन बसली का?"

"मला कोणी काही म्हटलं नाही."

"सांगावं लागतं व्हय? मेल्या माणसाचं आवतन येत न्हाई, बाई. शिकली सवरली तू, अन् एवढं काहून कळंना?"

आमच्याकडे बाहेरगावाहून बऱ्याच काळाने परतलेल्या माणसाने, आपल्या मागे ज्या घरी मयत झाली असेल तिथे आधी जाऊन बसायचे असते. किती वर्षे उलटली याला महत्त्व नसते. हातात काही न्यायचे नसते आणि फार बोलायचेही नसते. हे मला लहानपणापासून ठाऊक होते. तिसऱ्या घरची बातमीही मला चार वर्षांपूर्वी फोनवर कळली होती. तेव्हा मी "अरेरे" म्हटले होते आणि मग पासपोर्टच्या कागदांविषयी विचारले होते. ते घर ज्या बाईचे, तिने मला नवी नवरी असताना शेताची वाट दाखवली होती. त्या काळात गावात मला तिच्याशिवाय मैत्रीण नव्हती. तिची मुलगी थोरलीच्याच वर्गात होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरलीला घेऊन मी गेले. मायलेकी अंगणात वाळलेली हळद निवडत होत्या.

"या. खुर्ची देऊ का तुमाला?" ती म्हणाली.

पूर्वी ती मला 'तू' म्हणत असे. मी जमिनीवर बसले. अशा वेळी गळ्यात पडून रडतात. मला ते जमले नाही. एवढेच म्हणाले, "यायला उशीर झाला."

"चार वर्सं," ती म्हणाली. तिचे हात थांबले नव्हते.

मग तिने सांगायला सुरुवात केली. कावीळ कशी लक्षात आली नाही, हिंगोलीला कोणत्या वाहनाने नेले, वाटेत त्याने पाणी मागितले. मी ऐकत राहिले. थोरलीने न विचारताच समोरच्या ढिगात हात घातला होता.

"तसं न्हाई. गड्डं इकडं, हळकुंडं तिकडं," तिथली मुलगी म्हणाली. थोड्या वेळाने दोघी कशावरून तरी हळूच हसल्या.

निघताना त्या बाईने "येत जा" म्हटले नाही. मात्र पुढचा महिनाभर थोरली रोज शाळा सुटली, की तिथे जाऊ लागली. तिची बोटे पिवळी झाली. मी मनातल्या मनात आशा धरली.

मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी वडिलांनी तिला विचारले. ती दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहू लागली. मी काही बोलेन अशी तिची अपेक्षा असावी. निर्णय तिचा, असे ठरले होते. भिडेपोटी म्हणा, शिस्तीपोटी म्हणा, मी मान खाली घातली. "येते," ती फोनवर म्हणाली.

नांदेडच्या ओळखीच्या एका कुटुंबासोबत ती गेली. पुढे तिचे शिक्षण, लग्न, सगळे तिकडेच झाले. ती बोलते तेव्हा प्रेमानेच बोलते. त्या क्षणाविषयी तिने मला कधी विचारले नाही आणि मीही विषय काढला नाही.

ती गेल्यावर आठवड्याभराने तिसऱ्या घरची मुलगी आली होती. ती कवा येनार, असे तिने विचारले. मी म्हणाले, सुट्टीत. ती धाकटीशी थोडा वेळ खेळली आणि गेली.

मी त्या शुक्रवारी थोरलीला "थांब" म्हणायला हवे होते का?