मंगळवारचा बूट

मला राग लवकर येतो. नर्सिंगच्या शाळेत आमच्या मेट्रन म्हणायच्या, तुझ्या हाताला गुण आहे, पण तोंडालाही एक पट्टी बांध. ती मी कधी बांधली नाही. त्या तोंडापायी एक नुकसान झालं. ते माझं झालं असतं तर मी केव्हाच विसरले असते. ते एका सात वर्षांच्या मुलीचं झालं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. तारापूरच्या बाजूला, किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार गावात, आरोग्य उपकेंद्रावर माझी नेमणूक झाली. मी घाटावरची, समुद्र आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. पुढची खोली दवाखान्याची, मागची माझी. सकाळी लसी, गोळ्या, बाळंतिणी, दुपारनंतर घरभेटी. संध्याकाळी दाराला कडी घातली की दुसऱ्या सकाळपर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नसे. पुरुष बोटीवर, बायका बोंबील वाळवण्यात नाहीतर बोईसरच्या बाजारात. ‘नर्सबाय’ म्हणून मान होता, पण मानाची माणसं गप्पा मारायला येत नाहीत. मी एकटीपुरता भात लावायचे आणि पुष्कळदा तो उभ्याउभ्याच खाऊन मोकळी व्हायचे.

अपवाद एकाच घराचा. दर मंगळवारी त्या वाडीत माझी फेरी असे. त्या घरातली बाई माझ्याच वयाची होती. ती मला आत चुलीजवळ पाट द्यायची आणि न विचारता कोरा चहा ठेवायची. तिच्या थोरल्या मुलीचा डावा पाय पोलिओने गेला होता. घरात ती हातांवर सरकत चाले आणि बाहेर आईच्या कडेवर. मला पाहिलं की ओरडायची, “आली माजी नर्सबाय!” त्या गावात मला ‘माजी’ म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

मीच हट्ट धरला. मायलेकींना घेऊन मुंबईला हाडांच्या मोठ्या सरकारी इस्पितळात गेले. पायाचं माप घेतलं, महिन्याने परत बोलावलं आणि कॅलिपर दिला. दोन लोखंडी पट्ट्या, गुडघ्याला चामड्याचा पट्टा आणि खाली काळा बूट. पट्ट्या बुटाच्या टाचेतच खोचलेल्या, त्यामुळे बूट घातल्याशिवाय कॅलिपर चढायचा नाही. तो बांधून मुलगी इस्पितळाच्या कठड्याला धरून उभी राहिली. आपण एवढ्या उंच आहोत हे तिला माहीतच नव्हतं. ती आईच्या कमरेपाशी हात लावून सारखी उंची मोजत राहिली.

डॉक्टरांनी मला बजावलं, झोपेची वेळ सोडून दिवसभर हा पायात पाहिजे. सहा महिन्यांनी आणा. गुडघा सरळ राहिला तर घोट्याचं ऑपरेशन करू आणि मुलगी शाळेत चालत जाईल. गुडघा वाकून आखडला तर सगळं अवघड होऊन बसेल. मी मान डोलावली. आईला ते सगळं मी दोनदा समजावून सांगितलं, आणि समजावणं म्हणजे नुसतं आपण बोलणं नव्हे हे मला तेव्हा कळत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी गेले तर दाराबाहेर चपलांच्या ओळीत कॅलिपर उभा होता आणि मुलगी आत सरकत होती. “आताच काडला, बाय,” आई म्हणाली. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच. तिसऱ्यांदा मी बूट उचलून पाहिला, तर तळ कोरा करकरीत. लोखंडाला मात्र खोबरेल लावून लख्ख पुसलेलं होतं. माझं डोकं फिरलं. शेजारच्या बायका बोंबील निवडत बसल्या होत्या, त्यांच्यादेखत माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. हा काय शोकेसमध्ये ठेवायला दिलाय? पोरगी तुमची आहे की माझी? जन्मभर तिला जमिनीवर घासत ठेवायचंय का? मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि आईच्या पदरामागे गेली.

पण गुण आला, असं मला वाटलं. त्यानंतर प्रत्येक मंगळवारी मुलगी कॅलिपर बांधून ओट्यावर खांबाला धरून उभी असायची. मी भेटीच्या वहीत ‘नियमित वापर’ असं ठसठशीत अक्षरात लिहायचे. बदललं एवढंच की मला आता आत कुणी बोलवेना. ओट्यावरच चटई टाकत, चहाही तिथेच येई. मला ते लागलं. चारचौघांत बोलले म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवलं, असा अर्थ मी काढला. मग मीही ताठ बसायचे, चहा अर्धा टाकायचे आणि लवकर उठायचे. घरी येऊन रडायचे, हेही सांगून टाकते. मुलीसाठी वाईटपणा घेतला, अशी स्वतःची समजूत काढायचे.

सहा महिने झाले तसे आम्ही पुन्हा मुंबईला गेलो. डॉक्टरांनी मुलीला झोपवून गुडघा सरळ करायला घेतला आणि ती किंचाळली. गुडघा आखडला होता. त्यांनी माझी वही पाहिली, मग मुलीचा पाय पाहिला आणि वही माझ्यासमोर टाकली. “सिस्टर, तुम्ही घरी जाऊन नक्की काय पाहत होतात?” ते म्हणाले, अजून एक वाट आहे, वॉर्डात दोन-तीन महिने ठेवून प्लास्टर बदलत बदलत गुडघा सोडवायचा. आईने मान हलवली. घरी दोन लहान पोरं, नवरा बोटीवर. “नाय बाय, आता नाय,” एवढंच ती म्हणाली. वाकलेल्या पायाला कॅलिपर बसेना. दुसऱ्या कुणाला होईल म्हणून तो तिथेच ठेवून घेतला.

परतीच्या गाडीत मुलगी आईच्या मांडीवर झोपली. विरार गेल्यावर मी विचारलं. पहिल्यांदाच आवाज न चढवता विचारलं, की का नाही घातलात?

“घालत होती ना. भायेर जाताना घालत होती. पन ही जाते कदी भायेर?”

“आणि घरात?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हिला एवढंही कळत नाही. “पायतान हाय ते, बाय. घरात देव हाय, चूल हाय. पायतान घालून घरात कशी फिरल? तुमी पन तुमची चप्पल भायेरच काडता.”

दर मंगळवारी मी चपला काढून तिच्या घरात शिरत होते आणि त्याच चपलांशेजारी उभा असलेला बूट पाहून तिच्यावर भडकत होते. मंगळवारी मी आळीत शिरताना दिसले की ती मुलीला ओट्यावर आणून कॅलिपर बांधायची, शेवटी शेवटी तर गुडघ्याचा पट्टा सैल सोडून. मी गेले की काढायची. बूट घातलेली मुलगी आत नेता येत नव्हती, म्हणून माझा चहा बाहेर येत होता. तिच्या मनात माझ्याबद्दल अढी नव्हती, नुसती धास्ती होती.

“मला सांगायचं ना,” मी म्हटलं.

“तुमी वराडता,” ती म्हणाली. मग मांडीवरच्या मुलीचा पाय नीट ठेवत, “येक घरातला न् येक भायेरचा दिला असता तं घातला असता.”

एवढंच होतं. कोऱ्या कॅनव्हासचा, टाचेत त्याच पट्ट्या बसतील असा, दाराबाहेर कधी न गेलेला दुसरा बूट. पुढे जिथे जिथे कॅलिपरचं मूल आलं तिथे मी तो बोईसर स्टेशनजवळच्या चांभाराकडून करून घेतला, आणि एकाही घराने तो नाकारला नाही. त्या मुलीला त्याचा काही उपयोग झाला नाही.

पुढच्या मंगळवारी तिकडे जाण्याचं मला तोंड नव्हतं. तरी गेले. मुलगी ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून तिने खांबाला धरून उठायचा प्रयत्न केला, पाय दुमडला आणि ती परत बसली. आई आत होती. मुलगी हळू आवाजात, चूक झाल्यासारखी म्हणाली, “बाय, आता तुमी आल्यावर मी उबी कशी रायची?”

आठवड्यातला तो एकच दिवस ती उभी राहत होती आणि तोही मला बरं वाटावं म्हणून. मी म्हटलं, उभं नाही राहायचं, मीच बसते. आईने आतून पाट आणला नाही आणि मीही तो मागितला नाही. मी चटईशिवाय तिच्याशेजारी ओट्यावर बसले, तिचा पाय मांडीवर घेतला आणि तेल लावून चोळत राहिले. त्याने गुडघा सुटणार नव्हता, हे मला ठाऊक होतं. बदली होईपर्यंत दर मंगळवारी मी हेच केलं. लोक म्हणायचे, नर्सबाय किती करते त्या पोरीचं. खरं सांगायचं तर त्या अख्ख्या गावात मला बसायला दुसरी जागा नव्हती.