गच्चीवरचे परकर

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि आमच्या नातेवाइकांना माझी काळजी वाटू लागली. मी नागपूरहून त्वचारोगाची डॉक्टर होऊन परतले होते. तेलीबांध्याकडे काचेच्या दारांचे दवाखाने उघडत होते, चेहरा उजळवणारी मशिनं येत होती, आणि मी दवाखाना थाटला तो ब्राह्मणपाऱ्यात, जुन्या मोहल्ल्यात, आमच्याच घराच्या खालच्या खोलीत, जिथे बाबांची स्कूटर उभी असायची. "मंत्र्यांच्या बायका या गल्लीत येतील का?" असं एका मामांनी विचारलं. त्यांच्या गाड्या या गल्लीत वळणारसुद्धा नाहीत, हे मलाही दिसत होतं. पण ज्यांची खाज मला घालवायची होती त्या बायका पायीच येणार होत्या.

आल्याही. बसल्या की आधी केस गळतात म्हणायच्या, मग कोंड्याचं विचारायच्या, मग पोराच्या घामोळ्यांचं. खरं दुखणं शेवटी, दाराचा पडदा नीट लागलाय ना हे बघून, पदर बाजूला करून दाखवायच्या. कंबरेभोवती, अगदी परकराचा नाडा आवळतो तिथे, गजकर्णाचा काळपट पट्टा. प्रत्येकीनं मेडिकलवाल्या भैयाकडची स्टेरॉइडची ट्यूब आधीच लावलेली असायची. तीच ट्यूब नवऱ्याच्या जांघेला, तीच सासूच्या मानेला. चार दिवस बरं वाटायचं आणि मग दुप्पट उसळायचं. त्या ट्यूबचं नाव निघालं की माझा आवाज चढायचा, तो गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जायचा म्हणतात.

मी गोळ्या द्यायची, मलम द्यायची. डाग गेला तरी मलम सोडायचं नाही, टॉवेल ज्याचा त्याचा वेगळा, आणि परकर उलटा करून कडक उन्हात वाळवायचा, असं बजावून सांगायची. "हव दीदी," असा होकार भरून त्या जायच्या आणि तोच पट्टा घेऊन परत यायच्या. गोळ्या खायच्या, मलम लावायच्या, पण परकर उन्हात? पालथ्या घड्यावर पाणी.

याचं कारण वरच्या मजल्यावर राहत होतं. ते म्हणजे माझी आई.

धुणं वाळत घालण्यात आईचा हात धरणारं आमच्या पाऱ्यात कुणी नव्हतं. पुढच्या तारेवर साडी, तिच्या घडीच्या आत परकर, कडेला चिमटे असे की वारा सुटला तरी परकराची कड दिसायची नाही. परकर तिथे सावलीत, साडीच्या पोटात, दमटच्या दमट राहायचा. नव्या सुनांना त्यांच्या सासवा आमची गच्ची दाखवायच्या. मराठी बाई किती सलीकेवाली, म्हणायच्या. आईला ते ऐकू यायचं आणि आवडायचं. मलाही लहानपणी तिनं तेच शिकवलं होतं, आणि तिच्या लेखी मी अजून पोट्टीच होते. डॉक्टर खाली, दवाखान्यात.

एके दिवशी समोरच्या घरातल्या काकी सुनेला घेऊन आल्या. सून वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली, अबोल, आणि माझं अक्षर न् अक्षर ऐकणारी एकमेव पेशंट. तिनं आदल्या दिवशी खरंच परकर उन्हात टाकला होता. काकींनी तो लगेच ओढून काढला होता.

"इसके बर्तन अलग कर दिए हैं," काकी म्हणाल्या. "रसोई में घुसने नहीं देते. घर भर को लगा देगी. अब मायके भेज रहे हैं, ठीक हो गई तो बुला लेंगे."

ताटाला शिवल्यानं किंवा हातचं जेवल्यानं हे होत नाही, हे मी आधी समजावून आणि मग ओरडून सांगितलं. काकी ढिम्म. "आप अपनी मम्मी को देखो. आज तक किसी ने उनका पेटीकोट देखा? उनको हुआ कभी कुछ?"

सून जमिनीकडे बघत रडत होती. 'बुला लेंगे' या शब्दांवर किती भरवसा ठेवायचा ते तिला कळत होतं. आणि पडद्याशी आई उभी होती, माझा चहा घेऊन.

त्या दोघी गेल्यावर मी तणतणत वर गेले. "तुह्या त्या तारेपायी पोरीचा संसार मोडून राहिला," म्हटलं. आई पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं उचललं आणि त्याच्या टोकानं कंबर खाजवली, नाड्याच्या खाली.

मी फडताळ उघडून डबे सरकवले. पोह्यांच्या डब्यामागे तीच ट्यूब निघाली, शेपटीकडून गुंडाळत आणलेली. सारा ब्राह्मणपारा मला कंबर दाखवून गेला होता आणि दिव्याखाली हा अंधार.

"मले काहून नाही सांगितलं?"

"कशी सांगू?" आई म्हणाली. "लोकं म्हणतीन, डॉक्टरीणबाईच्या मायलेच खाज हाय. कोण येईन मग तुह्याकडे?"

चिडायला मी तयारच होते, पण मला चिडता आलं नाही. ती इतके महिने माझ्या नावासाठी खाज सोसत होती. मी तिला तपासलं, गोळ्या दिल्या. परकरांचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पेशंट बसलेले असताना, गल्लीत अचानक शांतता पसरली. मी बाहेर आले. आमच्या गच्चीच्या पुढच्या तारेवर आईचे सगळे परकर लागले होते, उलटे, शिवणी बाहेर, नाडे लोंबतायत. भाजी घेऊन आलेले बाबा खाली उभे राहून वर बघत होते. रेल्वेच्या नोकरीत जन्म घालवलेला माणूस, घाईनं बोलायची सवय नाही. ते एवढंच म्हणाले, "चिमटे पुरले का?"

आई कठड्याशी आली आणि समोरच्या गच्चीकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "भाभी, देख लो. जो आपकी बहू को है, वोही मेरे को भी है. पिछले हफ्ते मेरे हाथ की पूरनपोली खाके गईं आप. कुछ हुआ आपको?"

काकी आत गेल्या. खाली बाकावरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला माझ्या आईचा इतका अभिमान वाटला की समोरच्या पेशंटला मी तेच मलम दोनदा लिहून दिलं. आयुष्यभर कमावलेलं नाव तिनं उन्हात टाकलं होतं.

ऊन चढलं तशी समोरच्या गच्चीवर सून आली, हातात बादली. मागोमाग काकी आल्या. त्यांनी सुनेला अडवलं नाही. दुसरीकडे तोंड करून का होईना, चिमटे पुढे केले. सूनबाईनं परकर झटकला आणि तारेवर टाकला. घाबरून सुलटाच टाकला.

"बेटी, उलटा करके डाल," आई इकडून म्हणाली. "हमारी डॉक्टर ने बोला है."