बेढब काकडीचा मान

आमच्या गल्लीत बातमी पसरली, की फरांगीसने विल्फच्या डोक्यात किटली घातली. ही बातमी मी उठवलेली नाही, मी फक्त पुढे पोचवली. खरं एवढंच, की तिने ती किटली त्याच्या हातात परत ठेवली, तीही दोन्ही हातांनी, अदबीने. विल्फला हे जास्त लागलं.

फरांगीस इराणमधल्या शिराजची. मुलीपाठोपाठ आमच्या या यॉर्कशरमधल्या गावात आली, माझ्या शेजारी राहिली आणि रेल्वेच्या रुळांपलीकडे भाजी लावायला भाड्याने मिळणाऱ्या वाफ्यांपैकी एक तिने घेतला. वाफ्यांचा कारभार विल्फकडे. त्याचा चेहरा असा, की हसतोय का दात दुखतोय ते त्याच्या बायकोलाही कळत नाही.

माझं कमरेचं हाड मोडलं, तेव्हा याच बाईने रोज संध्याकाळी केशरी भात आणून दिला, खालच्या कुरकुरीत खरपुडीसकट. मी पुन्हा उभी राहिले ती डॉक्टरमुळे की त्या खरपुडीमुळे, हे मी डॉक्टरला कधी सांगितलं नाही.

सप्टेंबरात वाफेवाल्यांचं प्रदर्शन भरतं. लांब गाजराला, जड भोपळ्याला बक्षिसाच्या फिती मिळतात आणि शेवटी सगळ्यांत बेढब भाजीला एक चेपलेली, बिनझाकणाची किटली. यंदा ती फरांगीसच्या काकडीला मिळाली. विल्फ गंभीरपणे म्हणाला, की अशी काकडी आपण जन्मात पाहिली नाही आणि पुन्हा पाहायची वेळ येऊ नये. सगळा हॉल हसला. फरांगीसचं तोंड उतरलं. तिच्याकडे यजमानाने करपलेला भात वाढला तरी त्याची तारीफ करतात, इथे भर सभेत तिच्या काकडीची अब्रू काढली. तिने किटली परत केली आणि वाटेत मला सांगितलं, की सोमवारी वाफ्यांच्या फाटकाची किल्लीही देऊन टाकणार, वाफाच नको.

मग मी मधे पडले. मधे पडणं हा माझा छंदच आहे. मी तिला विचारलं, टेकडीवरच्या पर्सिव्हलसाहेबांना दरवर्षी फिती मिळतात, तेव्हा आम्ही त्यांना काय म्हणतो?

"फारच छान म्हणता."

"आणि त्यांना चहाला कोण बोलावतं?"

ती थांबली. "कोणीच नाही."

"अगं बाई, आमच्यात कौतुक परक्याचं करतात. टिंगल घरच्या माणसाची. त्या किटलीसाठी मी किती वर्षं मुद्दाम वाकडी गाजरं लावतेय, पण मला नाही दिली मेल्यांनी."

 मग तिने संशयाने विचारलं, "मग माझ्या भाताला तू रोज छान का म्हणायचीस?"

"कारण मला दुसऱ्या दिवशीही हवा असायचा."

सोमवारी विल्फ तिच्या दारात आला; किल्लीची बातमीही मीच त्याच्यापर्यंत पोचवली होती. माफी मागणं त्याला शिकवलेलंच नाही, म्हणून त्याने स्वतःच्या वाफ्यातला, गोगलगायींनी चाळणी केलेला एक कोबी आणला होता. मी कुंपणापाशी गुलाब छाटत होते, म्हणजे कात्री हातात होती. तो म्हणाला, "किल्ली न्यायला आलोय. आणि हा कोबी कोणी घेईना, म्हणून तुला."

फरांगीसने कोबी घेतला, चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाली, "किल्ली राहू दे माझ्याकडेच. तुमचा कोबी शेजारी असला की माझ्या काकड्या मला बऱ्या वाटतात, विल्फ. एवढा दिलासा मला दुसरीकडे कुठे मिळणार?"