ती पोस्ट मी काढणार नाही

राज्याच्या सीमेपलीकडे असलेल्या आमच्या बाजारहत्नूरकडच्या मराठी शाळेला डिजिटल फळा मिळाला, पण त्यात मराठीतला धडा एकही नाही, असं मी परवा ब्लॉगवर लिहिलं. आज हेडमास्तरांनी बोलावलं.

"मॅडम, वरून फोन आला. काऊन वाद वाढवून राह्यल्या? काढून टाका ते."

"सर, त्यात खोटं काय आहे?"

"खोटं काई नाही. पण तुमची बदली करतील."

तरी म्हटलं, "करू द्या. तिथूनही लिहीन."

मग वर्गात गेले. चौथीतल्या वैशालीने भाकरीचे तुकडे करून मराठीत अपूर्णांक समजावले. मी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि त्या डिजिटल फळ्यावर लावला. हेडमास्तरही वर्गात आले होते; मागच्या बाकावर बसून शेवटपर्यंत बघत होते.

तो व्हिडिओही ब्लॉगवर टाकलाय. तुमच्या शाळेतला फळा मुलांच्या भाषेत बोलतो का? बोलत नसेल, तर तुम्हीही लिहा.