थांबा नसताना थांबलेली गाडी

त्या दिवशी राजापेठेतल्या घरात, समोरच्या खोलीत, आमी पाच जन होतो. मी, माही लेक सुनंदा, तिची सासू म्हनजे आमच्या ईनबाई, कांपुटर दुरुस्त करनारे इरफानभाई, अन ज्याईच्यापायी हे सारं झालं ते सुनंदाचे सासरे, आमचे इवाई. जावई धारनीले नोकरीवर होता, तो नव्हता.

आमच्या इवायासारखा मानूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा सापडनार नाही. बाकी डायवर रिटायर झाले का गाडीतून उतरते. हे उतरलेच नाही. सारी जिंदगी धारनीची एसटी चालवली, ते घरातबी चालवतच राहिले. जेवाले बसले का आधी उजवीकडं मान करून आरशात पाह्यल्यासारखं पाहत, मंग घास घेत. देवळात फेऱ्या मारतानी मागून कोनी घाईत आलं का हातानं साइड देत. अन थांबा सोडून गाडी थांबवाची नाही, हा त्याईचा धरमच होता. एकदा सख्खा साळा बांधावर बहिनीसाठी गाठोडं घेऊन हात दाखवत उभा होता. इवायानं त्याले चालत्या गाडीतून रामराम घातला अन गाडी पुढं नेली. साळा पळत पळत थांब्यावर आला. इवाई म्हने, "कुठंबी थांबली त ते एसटी कशाची जी, आटो झाला." ईनबाई अजून तो राग काढत. "माह्या भावाची चप्पल तिथंच राहिली," म्हनत.

ईनबाईले गाडी लागते. बडनेऱ्यापर्यंत गेल्या तरी लिंबू हुंगत बसत. त्याच्यापायी नवऱ्याच्या गाडीत त्या कधी बसल्या नाही, अन धारनीच्या वाटेवरच्या ज्या घाटाच्या गोष्टी ऐकून ऐकून कान किटले तो घाट त्याईनं पाह्यला नाही. इवायानं कबूल केलतं, रिटायर झालो का सबुरीनं घेऊन जातो, प्रत्येक वळन दाखवतो. अन रिटायर झाल्याबरोबर लकव्यानं डावा पाय गेला. "उजवा गेला असता त चाललं असतं," म्हनत. "डावा क्लचचा होता."

मी त्या घरी आली ते कापसाच्या वाईट सालात. लागोपाठ बोंडं काही धरलीच नाही, विहीर आटली, माहे मालक त आधीच गेलते. वावर दुसऱ्याले ठोक्यानं कसाले दिलं अन पिशवी घेऊन आली. लेकीच्या घरी आईनं राहाचं म्हनजे पोळी तोंडात फिरते, खाली उतरत नाही. मी अर्धीच खाऊन उठत होती. इवायाच्या ध्यानात आलं. पन ते काही गोड बोलनारे नव्हते. जावयानं बापाचा जीव रमावा म्हनून हापिसातला एक जुना, चपट्या डब्ब्याचा कांपुटर आनून त्यात बस चालवाचा गेम टाकून देल्ता. इवायानं माह्या हातात स्टीलचा गिलास अन चमचा देला. "एक ठोका, गाडी थांबली. दोन ठोके, चालली. उद्यापासून तुमी कंडक्टरबाई. अन स्टाफले तिकीट लागत नाही." त्या दिवशी मी पुरी पोळी खाल्ली.

पन गेम काही धड चाले ना. गाडी गचके खाये, अन झाडं अशी का गाडी निघून गेल्यावर मागून उगवत. ईनबाई दोन मिनिटं पाहत अन जांभई देत. "यालेच घाट म्हनता का? मले त घोंगड्यावर ढेकनं चालल्यावानी दिसते."

हे इवायाले लागलं. इरफानभाईले बोलावलं. ते म्हने, "चाचा, ये डब्बा चिठ्ठी टायपने का है. तस्वीर के लिए अलग कार्ड लगता." बस्स. दुसऱ्या दिवशी इवाई काठी टेकत अकोल्याले गेले, तिथं त्याईच्या जुन्या कंडक्टरच्या पोराचं दुकान होतं. बैल पाहावा तसे सारे कार्ड पुढून मागून पाह्यले अन सर्वात दांडगं, दोन पंख्यांचं घेऊन आले. "घाट चढाचा आहे, इंजन मोठंच पायजे."

इरफानभाईनं डब्बा उघडला. कार्ड अर्धं आत, अर्धं बाहेर.

"बॉडी कापा," इवाई म्हने. "आमच्या वर्कशापात चहा होऊस्तोवर कापून दिली असती."

"चाचा, मैं नहीं काटता. इसमें आधी हाइट का लगता है."

ईनबाई म्हने, "लग्नातल्या बांगड्याबी अशाच आनल्या होत्या. मनगटाचं माप न घेता."

इरफानभाईनं ते मोठं ठेवून घेतलं अन त्याच्या बदल्यात आपल्या दुकानातून बुटकं कार्ड आनून देलं. नवी वस्तू घरात आली, तशीच कशी बसवाची? ईनबाईनं तबक आनलं. कार्डाच्या खालच्या काठाले बारीक बारीक सोन्यावानी दात असते, तिथंच चांगलं दाबून हळदीकुंकू लावलं. इरफानभाई तवा चहा पीत होते. मंग कार्ड बसवलं, बटन दाबलं, अन पडदा काळा ठिक्कर.

इवायाचं तोंड पाहवत नव्हतं. इरफानभाईनं कार्ड काढलं, दाताईकडं पाह्यलं, ईनबाईकडं पाह्यलं, अन सुनंदाले म्हने, "बेटी, रबर है क्या? पेन्सिलवाला." रबरानं घासून घासून कुंकू काढलं. "भाभी, अगली बार डब्बे को लगाना."

पडदा उजळला. मी दोन ठोके देले.

आता काय सांगू. पानं हलत होती. डोंगराची सावली गाडीवरून सरकत होती. रस्ता कोन्या परदेशाचा होता, बाजूले बरफबी होता, पन इवाई बोलून राहिले, "हे परतवाडा सुटलं. हे सेमाडोह आलं, अवो, डावीकडं पाहा, खोल आहे. आता हरिसाल." ईनबाईनं पदर डोक्यावर घेतला, प्रवासाले निघाल्यावानी. एक वळन, दुसरं वळन. मंग त्याईनं माहा हात धरला.

"अवो, गाडी थांबवा. मले कसंतरी होऊन राहिलं."

तिथं थांबा नव्हता. एका बाजूले डोंगर, दुसऱ्या बाजूले दरी. इवायानं आरशात पाह्यल्यासारखं उजवीकडं पाह्यलं अन गाडी थांबवली. मी ठोका देल्ताच नव्हता.

"कार्ड चल रहा है," इरफानभाई हळूच म्हने.

सुनंदानं लिंबू कापून आनलं. इवाई बायकोकडं पाहून राहिले होते. "लागली?" त्याईनं विचारलं.

"लागली."

"मंग हाच घाट," ते म्हने, अन चष्मा पुसत बसले. गाडी तशीच उभी राहिली. मांगून कोनी हॉर्न मारला नाही.

आता इवाई नाहीत. कांपुटरवर ईनबाईनं धुतलेला टावेल झाकला आहे. गिलास माह्याजवळ आहे, चहा दुसऱ्यात पेते.

हे वाचनारं कोनी धारनीकडं जात असन, जीप असो का कार, तर राजापेठेत आमाले घ्याले येजा. आमी दोघीच आहो, सामान नाही. ईनबाईले खिडकीची जागा द्या, लिंबू मी संगं घेते. अन घाटात त्याईनं म्हनलं तर थांबा पाहू नका, गाडी थांबवजा.